लाडूला हात लावायचा नाही

“जा की रे, चेअरमन आलेत,” म्हणत मी लाडूचा पट्टा धरून त्याला पुढं ओढलं, आणि लाडू गुरगुरला.

मोठ्यानं नाही. घशातल्या घशात. पण चेअरमननी ते ऐकलं आणि पुढं केलेला हात मागं घेतला. त्यांच्याबरोबर आलेले दोघं चटकन जीपच्या आडोशाला गेले. मला इतकी लाज वाटली, की काही विचार न करता मी लाडूच्या तोंडावर एक चापट मारली.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मारलं होतं. तो केकाटला नाही, पळाला नाही. फक्त माझ्याकडं बघितलं, माझ्या पायांमागं जाऊन बसला आणि तिथून चेअरमनवर नजर ठेवून राहिला.

“झालं काय ह्याला?” चेअरमन हसत म्हणाले, पण चेहरा पडला होता. “अगं सूनबाई, हा माझ्या जीपमध्ये बसून फलटणला यायचा. माझ्या मांडीवर झोपायचा.”

“बरं नसेल त्याला,” मी म्हणाले. “उन्हाचा त्रास झाला असेल.”

जानेवारी महिना होता. चेअरमननी अंगात स्वेटर घातला होता.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. फलटण-दहिवडी रस्त्याला, फाट्याच्या अलीकडं आमची नर्सरी होती. अजून आहे. मी आणि माझे यजमान विलास, दोघंच ती बघायचो. आंब्या-चिकूची कलमं, डाळिंबं, आणि पुढच्या बाजूला बायकांसाठी मोगरा, जाई, जास्वंद. चेअरमन म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन ढवळे. त्यांना नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलंच नव्हतं, त्यांच्या घरातूनही त्यांना ‘चेअरमन’च म्हणायचे. माणूस मनानं चांगला, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. फक्त आपण धावून गेलो की समोरच्यानंही आपल्या मनासारखं वागावं, अशी त्यांची समजूत होती. गावानं ती कधी मोडली नव्हती. आमच्या नर्सरीत ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. रोपं थोडी, गप्पा फार.

आणि लाडू आमचा कुत्रा. आमची पाण्याची मोटर दोनदा चोरीला गेली, तेव्हा विलासनी सुभेदार घोलपांकडून पिल्लू आणलं. सुभेदारांची सगळी नोकरी लष्करातल्या कुत्र्यांबरोबर गेली होती. निवृत्त झाल्यावर ते गावाकडं जर्मन शेफर्ड पाळायचे, तेही दिखाऊ नव्हे, कामाच्या वंशातले. पिल्लू हातात देताना म्हणाले होते, “हा शोभेचा नाही. हा नोकरीवाला आहे.”

ते दोन महिन्यांचं गोल गरगरीत पिल्लू मी मांडीवर घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं लाडू. सुभेदारांना फोनवर ते सांगितलं.

“ह्याच्या आजोबानं सुरुंग शोधलेत,” ते म्हणाले. “आणि तुम्ही ह्याला लाडू म्हणणार.”

लाडूनं मात्र नावाचं सार्थक केलं. येईल त्याच्या अंगावर चढायचं, हात चाटायचे, चपला पळवायच्या आणि हसत परत आणून द्यायच्या. गाडीचं दार उघडं दिसलं की आत. एकदा बारामतीचं एक कुटुंब लिंबाची रोपं घेऊन निघालं. बऱ्याच लांब गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मागच्या सीटवर पिशव्यांच्या मध्ये लाडू झोपलाय. एकदा तर तो एसटीत चढला. कंडक्टरनं परतीच्या फेरीत आणून सोडला आणि म्हणाला, “बाई, ह्याचं अर्धं तिकीट तरी काढत जावा.” नवी मोटर बसवायला आलेल्या मेस्त्रीचे पाने तोंडात धरून लाडू विहिरीपर्यंत गेला, तेव्हा विलास म्हणाले, “चोर आले की हा तोंडात बॅटरी धरून त्यांना वाट दाखवणार.”

पण मला तो तसाच आवडायचा. लोक लाडूसाठी म्हणून थांबायचे आणि जाताना दोन गुलाब घेऊन जायचे. आणि खरं सांगायचं तर मीही तशीच होते. कुणी एका रोपावर दोन तुळशी फुकट मागितल्या तर मी तीन द्यायची. नात्यातलं कुणी चार दिवसांसाठी आलं आणि पंधरा दिवस राहिलं, तरी माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. फार झालं तर मी ‘बघू’ म्हणायची आणि माझ्या ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. विलास म्हणायचे, “तू आणि लाडू एकाच माळेचे. शेपटी तेवढी त्याला आहे.”

सव्वा वर्षाचा झाल्यावर लाडू बदलायला लागला. आधी माझ्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो जायचा, वास घ्यायचा आणि परत यायचा. उड्या बंद. मग लोकांनी ‘लाडू, लाडू’ केलं की तो दुसरीकडं तोंड फिरवून बसायला लागला, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा. घाबरलेला नव्हता, चिडलेलाही नव्हता. घरात आमच्या दोघांशी तर तो तसाच खुळा होता, विलासच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नव्हता. पण बाहेरच्या माणसाशी त्याला काही देणंघेणं राहिलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दात, कान, पोट सगळं तपासलं आणि म्हणाले, “ठणठणीत आहे.” मी गिऱ्हाइकांच्या हातात बिस्किटं देऊन त्यांना लाडूला चारायला सांगायला लागले. लाडू बिस्किट अदबीनं घ्यायचा, माझ्यापर्यंत चालत यायचा आणि ते माझ्या पायाशी ठेवून द्यायचा. मला वाटलं, कुणीतरी गुपचूप मारलंय त्याला.

आणि मग चेअरमनवर तो गुरगुरला.

त्या संध्याकाळी विलास म्हणाले, “कुंदा, उद्या कुणाला चावला तर? रस्त्यावरची नर्सरी आहे आपली. बायका-पोरं येतात. सुभेदारांना परत देऊ या.”

लाडू त्यांच्याच पायावर डोकं ठेवून हे ऐकत होता. मला रडूच आलं. मी म्हणाले, “आधी त्यांना येऊन बघू दे तरी.”

सुभेदार दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या जुन्या स्कूटरवरून आले. लाडू भुंकत फाटकापर्यंत गेला. सुभेदारांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. स्कूटर स्टँडला लावली, खुर्चीत बसले आणि विलासना म्हणाले, “गुडघ्यांचं काही खरं नाही बघा आता.”

मग अर्धा तास गुडघे. कोणतं तेल लावलं, कोणता काढा घेतला, सून काय म्हणाली. मला वाटलं, म्हातारा कुत्र्याचं विसरला. लाडू लांबून एक चक्कर मारून गेला. दुसरी चक्कर जवळून. मग त्यानं सुभेदारांच्या बुटाचा वास घेतला, मग विजारीचा. सुभेदार गुडघ्यांवरून उसावर आले, उसावरून पावसावर. शेवटी लाडूनं त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवली. तेव्हा कुठं त्यांनी त्याच्या कानामागं दोन बोटांनी खाजवलं.

“काय झालंय हो ह्याला?” मी विचारलं.

“मोठा झालाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे मोठा झालाय. कुंदाताई, तुम्ही सहा वर्षांच्या असताना घरात पाहुणे आले की काय करायचात?”

“काय करणार? त्यांच्या मांडीवर जाऊन बसायचे. गाणं म्हणून दाखवायचे.”

“आता चेअरमन आले की बसता का?”

विलासच्या तोंडातला चहा समोरच्या जास्वंदीवर उडाला.

“हसू नका,” सुभेदार स्वतः न हसता म्हणाले. “ह्या वंशाचं असंच असतं. पोर आहे तोवर सगळं जग मामाचं. दीड-दोन वर्षांचं झालं, की आपलं घर कुठलं, आपली माणसं कुठली, हे त्याला उमगतं. परक्यांशी त्याचं वैर नाही, पण सलगीपण नाही. आणि महिन्यातून एकदा येणारा चेअरमन त्याच्या लेखी परकाच.”

“पण तो गुरगुरला.”

“तुम्ही ओढल्यावर. त्याच्या आधी काय केलं त्यानं?”

मी आठवून आठवून सांगितलं. चेअरमननी हात पुढं केल्यावर त्यानं मान फिरवली होती. मग ओठ चाटले. मग माझ्यामागं जायला बघितलं.

“तीनदा सांगितलं त्यानं. मग मोठ्यानं सांगितलं. त्यावर तुम्ही काय केलंत?”

मी चहाचं भांडं उचलायला वाकले.

“मारलं,” विलासनी सांगून टाकलं.

सुभेदारांनी कप खाली ठेवला. “बोलला म्हणून मारलंत, तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही. सरळ दात लावेल. मग गाव म्हणेल, कुत्रा वाईट. आणि वाईट कुत्र्याचं पुढं काय करतात, ते मी तुम्हाला सांगत नाही.”

मी लाडूकडं बघितलं. तो सुभेदारांच्या बुटाची नाडी सोडवण्यात गुंतला होता.

“मग त्याला शिकवायचं काय?”

“त्याला काही नाही. माणसांना सांगायचं. हात लावू नका म्हणून. तो तुमच्याकडं बघतो ना? म्हणजे विचारतो, आता हे तू बघतेस का मी बघू? तुम्ही बघितलंत तर तो कशाला पुढं होईल? चला, उठा. मी गिऱ्हाईक.”

ते फाटकापर्यंत गेले आणि हात पसरून आले, “अय्या, किती गोड कुत्रा!”

मी म्हणाले, “जरा... नका ना लावू हात. म्हणजे, राग मानू नका हं.”

सुभेदार थांबले. “तुम्ही मला अडवताय का हळदीकुंकवाला बोलावताय?”

सात वेळा त्यांनी मला ते करायला लावलं. सातव्या वेळी मी ‘हात लावू नका’ एवढंच म्हणाले आणि वर हसले. “हसू गाळा,” म्हणत आठव्यांदा करायला लावलं.

पुढचे दोन महिने मी तेच केलं. पहिल्या दिवशी एका मास्तरांना सांगितलं, तर माझेच कान तापले. मास्तर ‘बरं’ म्हणाले आणि कढीपत्ता घेऊन गेले. एवढंच. काही बायका नाराज झाल्या, “पूर्वी असा नव्हता हो,” म्हणायच्या. मी म्हणायची, “मोठा झालाय.” पोरं सगळ्यांत शहाणी, त्यांना एकदा सांगितलं की पुरे. लाडूही सैलावत गेला. गिऱ्हाईक आलं की तो उठायचा, माझ्याकडं एक नजर टाकायचा आणि मी बोलले की आंब्याच्या कलमांच्या सावलीत पुन्हा आडवा व्हायचा.

पण त्या दोन महिन्यांत चेअरमन आले नव्हते. ते आले मार्चमध्ये, साठाव्या वाढदिवसाच्या सकाळी.

साठीला साठ झाडं लावायची, असं त्यांनी ठरवलं होतं. रोपं आम्ही आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. जीपला फुलांच्या माळा, बरोबर आठ-दहा माणसं, एक फोटोग्राफर. चेअरमन पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरले. हातात झेंडूचा हार.

“सूनबाई, रोपं मागाहून. आधी लाडूला आण. हार घालून बॉनेटवर बसवायचा, मी शेजारी. पेपरात फोटो येणार आहे.”

“चेअरमन, तो आता...”

“अगं, माझ्या मांडीवर वाढलाय तो!” असं म्हणत ते चालत निघालेसुद्धा, तडक, हार दोन्ही हातांत पसरून, लाडूच्या रोखानं.

लाडू उठून उभा राहिला. शेपटी ताठ. तोंड मिटलेलं. डोळ्यांची पांढरी कड दिसायला लागली. त्यानं मान फिरवली. ओठ चाटले. आणि माझ्याकडं बघितलं.

विलास मागं पाण्याचा पाइप धरून उभे होते. माझ्या तोंडात ‘बघू’ आला होता, अगदी दातांपर्यंत. चेअरमन, त्यांचा वाढदिवस, ती माणसं, तो कॅमेरा. मला एवढंच दिसलं, की हार खाली यायला आता तीन पावलं राहिलीत आणि लाडूचं सांगून झालंय.

मी दोघांच्या मध्ये गेले आणि हार पकडला.

“नाही,” मी म्हणाले.

चेअरमन थबकले. हाराचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

“नाही म्हणजे?”

“त्याला हात लावायचा नाही.”

“कुणी? मी?”

“तुम्हीपण.”

कुणीतरी खोकलं. फोटोग्राफरनं, काय वाटलं कोण जाणे, बटण दाबलं.

“सूनबाई,” चेअरमन आवाज खाली आणून म्हणाले, “एवढी माणसं घेऊन आलोय मी.”

“रोपं तयार आहेत, चेअरमन. एक सोडून साठ न्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण कुत्रा मिळणार नाही.”

मी हसले नाही. मला हसू येतच नव्हतं. आणि तेवढ्यात माझ्या मागं धप्पकन आवाज झाला, पाठोपाठ लांब उसासा. वळून बघितलं, तर लाडूनं पाय पसरून जमिनीवर अंग टाकलं होतं आणि तो जांभई देत होता.

चेअरमननी हार सोडला. वळून जीपमध्ये जाऊन बसले. रोपं न घेताच सगळी वरात निघून गेली. हार माझ्या हातात राहिला. विलासच्या पाइपचं पाणी सगळ्या वाफ्यातून वाहत माझ्या पायांपर्यंत आलं होतं.

“गेलं,” मी म्हणाले. “गावात आता राहायची सोय नाही.”

विलासनी आधी जाऊन पाणी बंद केलं. मग म्हणाले, “पुन्हा एकदा म्हण बघू.”

“काय?”

“ते ‘कुत्रा मिळणार नाही.’ मला नीट ऐकू आलं नाही, पाणी चालू होतं.”

आठ दिवस गेले. गावातून काही आवाज नाही. साठ रोपं तशीच ओळीत उभी. नवव्या दिवशी टेम्पो आला आणि त्यातून चेअरमनच्या बायको, सुलोचनाकाकी उतरल्या. त्या नर्सरीत कधी येत नसत. फाटकातूनच त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“मी हात लावत नाही गं बाई. रोपं न्यायला आलेय.”

मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी एकेक रोप निवांत बघितलं, मोगऱ्याशी बराच वेळ थांबल्या. मग इकडंतिकडं बघून पिशवीतून एक फोटो काढला. मी आणि चेअरमन, मध्ये ताणलेला हार, आणि चेअरमनचं तोंड उघडं.

“फोटोवाल्यानं गठ्ठा घरी दिला, त्यात हा होता,” काकी म्हणाल्या. “त्यांनी बघायच्या आधी काढून घेतला. चाळीस वर्षं संसार केला, पण त्यांचं असं तोंड बघितलं नव्हतं. साड्यांच्या खाली ठेवलाय. अधूनमधून काढते.”

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मीही हसले. लाडू लांबून आमच्याकडं कान टवकारून बघत राहिला, मग उठून आला आणि काकींच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर बसला. काकींनी हात पदराखालीच ठेवले.

जाताना म्हणाल्या, “मी मोगरा माझ्या मनानं घेतेय हं. अंगणात लावणार. त्यांना तिथं टाइल्स घालायच्यात.” आणि त्यांनी एक सोडून चार मोगरे टेम्पोत चढवले.

चेअरमन आले पाडव्यानंतर. जीप रस्त्यावरच उभी राहिली. बरोबर कुणी नव्हतं. लाडू उठला, फाटकापर्यंत गेला आणि एकदाच भुंकला. चेअरमन फाटकाच्या बाहेर थांबले.

“येऊ का आत?” त्यांनी विचारलं.

लाडूनं मागं वळून माझ्याकडं बघितलं.

“या की,” मी म्हणाले.

ते आले. हात पाठीमागं बांधलेले, शाळेत नखं तपासायला उभं केलेल्या पोरासारखे. लाडूनं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. धोतराचा वास घेतला, चपलांचा घेतला, हातांपर्यंत गेला. चेअरमन श्वास धरून समोर बघत उभे.

“काय म्हणतोय?” त्यांनी ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं. “झालो का पास?”

“अजून ठरलं नाही त्याचं,” मी म्हणाले. “बसा. चहा टाकते तोवर.”